डावीकडचा खालचा खाना

समोरचा माणूस बोलत असला की भोयरकाका टेबलावर बोटानं एक उभी रेघ ओढत आणि तिला मधोमध छेदणारी एक आडवी. झालं! आता तुम्ही पोरीला आलेली स्थळं सांगा, नाहीतर बाजारातले आंबे सांगा, तुमचं सांगणं त्या चार खान्यांपैकी एकात जाऊन बसणार म्हणजे बसणार. आमच्या वर्ध्याच्या दूध संघाच्या कॅन्टीनचा चहासुद्धा सुटला नव्हता. आडवं माप साखरेचं, उभं माप पत्तीचं. "साखर भरपूर, पत्ती नाई. हा गेला खाली उजवीकडं," असं म्हणत ते कप बाजूला सरकवत, आणि थोड्या वेळानं पिऊनही टाकत. टँकरच्या ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव चौखानेबाबू पाडलं होतं. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण कोणी मागून तशी हाक मारली की ते ओ देत.

मी संघात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून रोजंदारीवर लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर अर्धा तास बोलले असेन. कुठला कोर्स केला, किती टक्के पडले, टायपिंगचा स्पीड किती, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, टेबलावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "दूध लय हाये, फॅट कमी. सुनिता, तू हँडपंपात." मला काही कळलं नाही, पण शेजारचा शिपाई फिदीफिदी हसला म्हणून मला राग आला. मला राग पटकन येतो. तो तेव्हाही यायचा.

हँडपंप म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कळलं. काका गुणनियंत्रणाला होते. म्हणजे गावोगावच्या संकलन केंद्रांतून सकाळी कॅन यायचे, त्यातलं थोडं थोडं दूध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात ॲसिड टाकायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर तरंगलेली फॅट वाचायची. ॲसिडचे थेंब उडून त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला बारीक भोकं पडलेली असत. भिंतीवर एक मोठा ग्राफ पेपर चिकटवलेला होता. आडव्या बाजूला गावानं रोज दिलेले लिटर, उभ्या बाजूला फॅट. बेचाळीस गावं, बेचाळीस ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात गावाचं नाव. मध्ये लाल शाईच्या दोन रेघा. दर महिन्याला हा कागद नवा व्हायचा, आणि गेली कितीतरी वर्षं होत होता.

चार खान्यांना त्यांनी नावं ठेवली होती. वर उजवीकडं, दूधही भरपूर आणि फॅटही चांगली, ते जावई. "त्याईले काही विचारू नोको, फक्त मान दे." वर डावीकडं, दूध थोडं पण चोख, ते देवघर. खाली उजवीकडं दूध बदाबदा आणि फॅट नाही, तो हँडपंप. "या गावात केंद्राच्या बाजूले हँडपंप हाये, लिहून घे," असं ते ठासून सांगत, आणि बहुतेक वेळा तो निघायचाही. आणि खाली डावीकडं, जिथं दूधही नाही आणि फॅटही नाही, त्याला ते दवाखाना म्हणत. "इथं आपलं काम. बाकी तीन खाने आपलं काय घेऊन राह्यले?"

लाल रेघा त्यांनी कुठं मारल्या होत्या, ते सांगणं भाग आहे. आडवी रेघ साडेतीन फॅटवर, कारण तेवढी असली की गाईचं दूध दूध म्हणून घेता येई. उभी रेघ चाळीस लिटरवर, म्हणजे एका कॅनवर. आमच्याकडे कॅन भरणं ही मोठी गोष्ट होती. कॅन अर्धा असला की रस्ताभर दूध डुचमळतं, लोणी सुटतं, नासतं. भरला की नीट येतं. काका म्हणत, "ज्या गावचा कॅन गळ्यापर्यंत भरला ते गाव जगलं." या रेघा वर्षानुवर्षं तिथंच होत्या. त्या हलवायच्या असतात हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दवाखान्यातल्या गावांना काका स्वतः जात. आपल्या एम-एटी दुचाकीवर, डब्बा बांधून. गिरडच्या रूटवर पिंपळझरी म्हणून पस्तीस-चाळीस घरांचं गाव होतं. बहुतेक घरं वांगी, मिरची आणि सांभार म्हणजे कोथिंबीर लावणारी, आणि दारात एक-दोन गाई. केंद्र चालवायची यमुनाबाई नावाची विधवा बाई. तिच्याच घराच्या ओट्यावर गाव दूध मोजून द्यायचं. पिंपळझरीचा कॅन कधी अर्ध्याच्या वर गेला नव्हता आणि फॅट तर विचारूच नका. काका आठवड्यातून एकदा तिथं जात. जंताचं औषध दे, सरकीच्या ढेपेचं पोतं पोचव, कॅन गरम पाण्यानं धुवायला लाव, आणि पहाटेचं पहिल्या धारांचं पातळ दूध वासराला न पाजता इकडे आणणाऱ्यांवर ओरड. एकदा मीही गेले होते. यमुनाबाई म्हणाली, "बाबू, तुमी तं आमच्या गाईले आमच्याहून जास्त ओळखता." काका म्हणाले, "तुमी दूध दाखवता बाई, गाय मी त्याच्यातूनच पाहून घेतो."

दोन वर्षांत पिंपळझरीचा कॅन भरला. मी संघात असतानाच, एका हिवाळ्यात, दवाखान्याचा खाना रिकामा झाला. एक ठिपका नाही! काकांनी ड्रायव्हरपासून कॅन धुणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांना लॅबमध्ये बोलावून तो कोरा चौकोन दाखवला. "पाह्यलं? काहीच नाई ना? हेच पाहाचं हाये." सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. बायांना समजेना की कोऱ्या कागदापुढं हा माणूस इतका का नाचतोय. मला समजलं होतं. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

मग संघात नवा कॉम्प्युटर आला आणि काकांनी हट्ट धरला की आपला कागद त्यात पाहिजे. त्यांच्या हाताला कंप सुटायला लागला होता, ठिपके हलायचे. मला वाटलं, एका दिवसाचं काम. दोन रकाने भरले, लिटर आणि फॅट, स्कॅटर चार्ट निवडला, ठिपके पडले. काका खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले. "नावं कुठं हायेत?"

"काका, या चार्टमध्ये नावं येत नाहीत. एकेका ठिपक्यावर क्लिक करून हातानं टाइप करावी लागतील."

"मंग कर ना."

"बेचाळीस?"

"नाव नसलं तं तो ठिपका हाये, सुनिता. गाव नाई."

टाकली बाई, बेचाळीसच्या बेचाळीस नावं टाकली. मनातल्या मनात शिव्या देत टाकली. काका शेजारी बसून माऊस कसा धरायचा ते शिकत होते. माऊस टेबलाच्या काठावरून खाली पडला की "अवं माय!" म्हणायचे.

राहिल्या होत्या दोन रेघा. इथं मी माझं शहाणपण दाखवलं. कोर्समध्ये नुकतंच शिकले होते की अशा चार्टला सरासरीवर छेद द्यायचा असतो. सगळ्या गावांच्या लिटरची सरासरी, फॅटची सरासरी. प्रत्येक सरासरीचे दोन-दोन ठिपके टाकायचे आणि ते जोडून रेघ काढायची. सूत्र घातलं की आकडे बदलले तरी रेघा आपोआप योग्य जागी जातात. मी मोठ्या तोऱ्यात करून दाखवलं. काका बराच वेळ पाहत राहिले.

"दवाखान्यात काल दोन होते. आज सात काऊन?"

"काका, तुमच्या रेघा अंदाजाच्या होत्या. या शास्त्रीय आहेत."

"माह्या रेघा कॅनच्या होत्या," ते हळू म्हणाले. मग मान डोलावली. "बरं. तू शिकलेली हायेस. म्हणजे आता सात गावाले जावं लागन." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ते सात गावांना जाऊ लागले. त्यांना वाटलं कॉम्प्युटरनं आपल्याला आणखी पाच आजारी दाखवून दिले. मला वाटलं मी फार मोठं काम केलं. दोघंही मूर्ख, पण त्यांच्या मूर्खपणात कोणाचं तरी भलं होतं.

वर्षभरात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. खासगी डेअऱ्या दारात येऊन दूध उचलू लागल्या होत्या, गाड्या रिकाम्या धावत होत्या, संघ बुडायला लागला होता हे खरं होतं. त्यांनी आमचा चार्ट पाहिला आणि म्हणाले, "भोयर, तुम्ही तर सोनं करून ठेवलंय!" मीटिंगमध्ये तो पडद्यावर लावायचा ठरला. "फक्त ही नावं काढा मॅडम, फार गचपण दिसतंय." मी नावं काढली. एक कळ दाबली की सगळी गेली.

डावीकडच्या खालच्या खान्यातली सात केंद्रं बंद करायची असं साहेबांनी ठरवलं आणि त्यासाठी गुणनियंत्रणाची सही हवी होती. काका दोन दिवस सही करेनात. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना समोर बसवून समजावलं. "एकदा हा खाना रिकामा होऊ द्या. तो रिकामा झाला की बाकीच्या पस्तीस गावांना मी हात लावणार नाही. शब्द देतो." काकांनी सही केली. लोक नंतर म्हणाले की घाबरून केली. मुळीच नाही. खाना रिकामा होतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून केली. पिंपळझरी त्या सातांत नव्हतं. त्याचा कॅन आता दीड झाला होता, फॅट साडेतीनच्या वर गेली होती, आणि सरासरीच्या नव्या रेघांनुसार ते देवघरात, आडव्या रेघेला टेकून बसलं होतं. सात गेले तर पिंपळझरी कायमचं वाचेल, हा त्यांचा हिशोब.

सहा महिन्यांनी साहेबांनी नवा चार्ट मागितला. बंद केंद्रांच्या सात ओळी मी यादीतून खोडल्या. काका मागे उभे होते. ओळी गेल्या आणि स्क्रीनवरच्या दोन्ही रेघा सरकल्या. एक वर, एक उजवीकडं. तळातले सात गेले, तर सरासरी वर जाणारच. शाळेतल्या पोरालाही कळेल. मला कळलं नव्हतं. आडवी रेघ पिंपळझरीच्या ठिपक्यावरून वर गेली आणि ठिपका जिथल्या तिथं राहून खालच्या खान्यात आला. खाना रिकामा नव्हता. त्यात सहा नवे ठिपके होते.

"हे पिंपळझरी तं वाढलं होतं ना?" काका म्हणाले.

"हो. मागच्या वेळेपेक्षा थोडं वाढलंच आहे."

"मंग खाली कसं गेलं? रेघ कोणं सरकवली?"

"आपोआप सरकते, काका. सरासरी आहे ना."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, त्या रेघेवर, दाबून, जसं काही ती धरून ठेवता येईल. बोटाचा ठसा काचेवर उमटला. मला वाटतं त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. या सहांना काढलं की पुन्हा रेघ सरकेल, आणखी काही खाली येतील, त्यांना काढलं की आणखी. हा खाना कधीच रिकामा होणार नव्हता. मला ते घरी जाताना सायकलवर कळलं.

मीटिंगच्या दिवशी काका ग्राफ पेपर घेऊन आले. थरथरत्या हातानं पस्तीस ठिपके काढले होते, पस्तीस नावं लिहिली होती, आणि लाल रेघा जुन्या जागी, कॅनवर आणि साडेतीनवर. त्या कागदावर पिंपळझरी जावयांत जाऊन बसलं होतं आणि डावीकडचा खालचा खाना कोरा करकरीत होता. "साहेब, तुमी म्हटलं होतं रिकामा झाला की थांबू. हा पाहा, रिकामा हाये." संचालक मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी पडद्याकडे हात केला. "भोयर, कॉम्प्युटरवर तर सहा दिसताहेत." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, चार्टमध्ये काही चूक आहे का?"

मला बोलता आलं असतं. रेघा मी मारल्यात, त्या अशा मारल्या तर कोणीतरी खाली राहणारच, एवढी दोन वाक्यं. पण मी रोजंदारीवर होते, कायम करण्याची यादी साहेबांच्या टेबलावर होती, आणि काका माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "नाही सर. चार्ट बरोबर आहे." काकांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

पिंपळझरीची गाडी ज्या दिवशी शेवटची गेली त्या दिवशी काका तिच्यासोबत गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तू येऊ नोको. तुहं तिथं काम नाई." मला वाटलं रागावलेत. दुसऱ्या दिवशी कामावर आले. मी विचारलं काय झालं तिथं, तर म्हणाले, "होनार काय? सांगून आलो."

त्यानंतर त्यांनी एक वेडेपणा सुरू केला. रोज पहाटे एम-एटीला कॅन बांधून ते पिंपळझरीला जात, गावचं दूध भरत आणि दोन कोसांवरच्या पुढच्या केंद्रावर नेऊन घालत. तिथून गाडीनं ते इकडे येई. साठीला टेकलेला माणूस, वर्ध्याहून इतक्या दूर! घरी काकू चिडत, ऑफिसात लोक हसत. मी एकदा म्हणाले, "काका, किती दिवस कराल?" तर म्हणाले, "जोवर पुढचं केंद्र हाये तोवर." ते केंद्र पुढं आठ महिने टिकलं. मग त्या केंद्राचा ठिपकाही खाली आला आणि कॅन न्यायला जागा उरली नाही. त्याच उन्हाळ्यात पिंपळझरीच्या गाई नाचणगावकडच्या एका व्यापाऱ्यानं टेम्पो भरून नेल्याचं ड्रायव्हरनं सांगितलं. काका लॅबमध्ये नळ्या धूत होते. धूत राहिले.

निवृत्त झाले तेव्हा भिंतीवर कागद नव्हता आणि बोटानं रेघा ओढायचंही त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. मी तोवर कायम झाले होते. पुढं काही वर्षांनी संघच बंद पडला, तेव्हा सोळा ठिपके उरले होते, आणि शेवटच्या चार्टमध्येसुद्धा डावीकडं खाली तीन होते. या सगळ्या वर्षांत काकांनी त्या रेघांबद्दल माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. मी वाट पाहायचे की आता बोलतील, आता बोलतील. बोलले असते तर रडून मोकळी तरी झाले असते. भेटले की विचारायचे, "तुहा पोट्टा कोणत्या वर्गात गेला?" बस.

ते गेले तेव्हा मी बोरगाव मेघेला त्यांच्या घरी गेले. तिसरा दिवस होता. काकू आत होत्या. ओसरीत एक बाई एकटीच बसली होती, पायात धुळीच्या वाहाणा, मांडीवर पिशवी. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. यमुनाबाई. दोन एस.टी. बदलून आली होती.

"गावातलं कोणी नाई आलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, येकानं तं जावं. लोकायचा राग नाई गेला अजून."

"काकांवर? काऊन?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

"तुमाले मालूम नाई? गाडी बंद झाली त्या दिवशी बाबू माह्या ओट्यावर सगळ्यायच्या समोर उभे राह्यले. म्हणे, तुमचं दूध कमी नाई झालं, तुमची काही चूक नाई. रेघ मी मारली. माह्या हातानं चुकली. पोट्टे लय बोलले त्याईले. एकानं तं कॅन लाथाडला. मंग ते रोज दूध न्याले येत, तं लोकं म्हणत, पाप फेडून राह्यला बुढा. त्याईच्या तोंडावर म्हणत. बाबू आयकून घेत, कॅन बांधत अन् जात."

मी भिंतीला टेकून बसले. यमुनाबाईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माह्या मनाले ते काही पटलं नाई. जो मानूस थेंबथेंब मोजे, त्याच्या हातून असं कसं होईन? तुमी तं त्याईच्या संगंच होत्या ना हापिसात. खरं सांगा, ते रेघ त्याईनंच मारली होती काय?"

आतून काकू चहाचे कप घेऊन येत होत्या.

"हो," मी म्हणाले, आणि तिची परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.